जर्मनचा रेडिएटर, तांब्याचा ब्लॉक: कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये ॲल्युमिनियम वापरण्याआधी

आमच्याकडे ॲल्युमिनियम हा शब्द फक्त खिडक्यांच्या सेक्शनसाठी आहे. भांड्यात आलं की ते जर्मन. जर्मनचा गंज (म्हणजे पातेलं), जर्मनची परात. म्हणून कॉम्प्युटरसाठी मागवलेला रेडिएटर खोक्यातून काढला तेव्हा बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "हे तं जर्मन हाये." मी म्हटलं, असू द्या, स्वस्तात पडला.

आमचं गाव संत्र्याच्या पट्ट्यातलं. बसस्टँडजवळ माझं दुकान आहे: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग. लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे आणि एप्रिल-मे म्हणजे दुकानाच्या आत ४२ अंश. रेंडर लावला की मशीन तापायची आणि स्वतःच हळू व्हायची, म्हणून वॉटर कूलिंगचं खूळ डोक्यात घेतलं. तापणाऱ्या चिपवर बसणारा ब्लॉक तांब्याचा, उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर जर्मनचा, दोघांमधून फिरणारं पाणी घरच्या आरओचं. चौथ्या महिन्यात नळीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. मग टाकीच्या तळाशी साबुदाण्याच्या पेजेसारखा पांढरा गाळ बसला. एका सकाळी ग्राफिक्स कार्डावर थेंब. रेडिएटरच्या पट्टीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं.

ते भोक का पडलं हे आधी समजून घ्या. मग पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज पडणार नाही.

विळ्यावरचं तांबं

फुटका रेडिएटर पाहून बाबांनी एकच प्रश्न विचारला: "बोर्डो कधी जर्मनच्या गंजात कालवतो का आपून? टाकी पिलास्टिकची घेतो. काहून घेतो?"

ज्यांच्या घरी संत्रा आहे त्यांना बोर्डो मिश्रण सांगायला नको, बाकीच्यांसाठी: ते झाडांच्या बुरशीवर फवारायचं औषध. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. कालवून झालं की त्यात विळा किंवा लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. लोखंडावर तांबूस थर चढला तर मोरचुदातलं तांबं अजून मोकळं आहे, चुन्याची निवळी आणखी ओता. तो थर येतो कुठून? पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड पाण्यात उतरतं. देवाणघेवाण आहे ती, फुकट काही मिळत नाही.

लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम ठेवा, हाच व्यवहार आणखी जोरात होतो. रसायनशास्त्राच्या तक्त्यात तांब्याचं विद्युत विभव +०.३४ व्होल्ट, लोखंडाचं −०.४४ आणि ॲल्युमिनियमचं −१.६६ आहे. ज्याचा आकडा खाली, ते आधी विरघळतं. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यातलं अंतर २ व्होल्टचं, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलपेक्षा जास्त. कागदावरचा हा आकडा प्रत्यक्षात पूर्ण दिसत नाही, कारण ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा एक पातळ, काही नॅनोमीटरचा थर आपोआप तयार होतो आणि तो धातूला झाकून ठेवतो. जर्मनचा गंज वर्षानुवर्षं टिकतो तो याच थरामुळे. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेपर्यंत हा थर तग धरतो. पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला खारटपणा, असला की मात्र तो जागोजागी फुटतो.

लूपमध्ये, म्हणजे ब्लॉक, नळ्या आणि रेडिएटर यांतून पाणी फिरतं त्या फेऱ्यात, हा प्रकार दोन वाटांनी होतो. पहिली वाट थेट विजेची: रेडिएटर स्क्रूने कॅबिनेटच्या पत्र्याला कसलेला, ब्लॉकही कुठून तरी त्याच पत्र्याशी जोडला गेलेला, आणि दोघांच्या मधे पाणी. झाली बॅटरी तयार. हे कळल्यावर काही जण हुशारी करून रेडिएटरच्या स्क्रूखाली रबरी वॉशर घालतात. त्याचा फारसा उपयोग नाही, कारण दुसरी वाट उघडीच राहते. तांब्याच्या ब्लॉकमधून अगदी थोडं तांबं पाण्यात विरघळत असतंच. ते वाहत रेडिएटरमध्ये येतं, विळ्यावर बसतं तसं ॲल्युमिनियमवर बसतं, आणि बसलेला प्रत्येक कण तिथल्या तिथे आपली छोटी बॅटरी चालू करतो. म्हणून रेडिएटर सगळीकडून सारखा झिजत नाही, एका जागी खोल खड्डा पडत जातो आणि तिथेच भोक होतं. पांढरी पेज म्हणजे त्या खड्ड्यातून निघालेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड.

मग ॲल्युमिनियम वाईट का?

मुळीच नाही. गाड्यांचे रेडिएटर कित्येक वर्षांपासून ॲल्युमिनियमचेच येतात. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ४००, ॲल्युमिनियमची २३७ (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), पण रेडिएटरमध्ये खरी अडचण धातूतून उष्णता जाण्याची नसते, ती हवेत सोडण्याची असते. तिथे पंखे आणि पात्यांचं क्षेत्रफळ काम करतं. सीपीयूच्या ब्लॉकमध्ये धातूचा फरक जाणवतो, तोही काही अंशांचा. २०१७ मध्ये स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने फ्लुइड गेमिंग नावाची मालिका काढली होती, ब्लॉकपासून रेडिएटरपर्यंत सगळं ॲल्युमिनियमचं. तांब्याचे भाग यात मिसळू नका, हे त्यांनीच सांगितलं होतं.

दुसरा प्रश्न मला दुकानात दर महिन्याला कोणीतरी विचारतो: "दादा, मग एआयओत कसं चालते? त्यात तं रेडिएटर जर्मनचाच असते आन् ब्लॉक तांब्याचा." बरोबर आहे. एआयओ म्हणजे ऑल-इन-वन, कारखान्यातूनच पाणी भरून जोडून आलेला कूलर. बाजारातल्या बहुतेक सीलबंद एआयओ कूलरमध्ये हीच जोडी असते. पण त्यातलं पाणी कारखान्यात मोजून भरलेलं असतं, ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं घातलेलं, आणि वरून भरायला जागाच ठेवलेली नसते. ती रसायनं दोन्ही धातूंवर पडदा धरून बसतात आणि वर्षं जातात तशी हळूहळू संपतात. त्यामुळे एआयओ काही वर्षं नीट चालतो. तोच एआयओ कोणी खोलला आणि "पाणी कमी झालं होतं, भरून दिलं" म्हणत त्यात आरओचं पाणी ओतलं, की माझ्या पहिल्या लूपची हुबेहूब नक्कल तयार होते. असा भरून दिलेला एआयओ कोणी विकत असेल तर घेऊ नका.

पहिली पायरी: लूप लागतो का ते ठरवा

साधं ऑफिसचं काम, टॅली, फॉर्म यांसाठी लागत नाही. चांगला हवेवरचा कूलर घ्या आणि कॅबिनेटची धूळ काढत जा. तासन् तास रेंडर किंवा गेमिंग होत असेल तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी: धातूची एक जात निवडा

एक पैसाही खर्च करण्याआधी हे ठरवा. एक जात तांबं, पितळ आणि निकेल चढवलेलं तांबं-पितळ यांची. दुसरी जात ॲल्युमिनियमची. निकेलचा मुलामा म्हणजे वरचा पातळ थर, खाली तांबं किंवा पितळच असतं, म्हणून त्याला तांब्याच्याच पंगतीत बसवा. प्लास्टिक, ॲक्रिलिक, ॲसिटल आणि रबर दोन्हीकडे चालतात.

माझं मत विचाराल तर ग्राफिक्स कार्डावरही ब्लॉक लावायचा असेल, तर सरळ तांब्याच्या जातीत जा. ग्राफिक्स कार्डांचे ॲल्युमिनियमचे ब्लॉक शोधायला गेलात तर सहसा मिळत नाहीत आणि मग माणूस "एवढा एकच तांब्याचा" म्हणत घसरतो. फक्त सीपीयू थंड करायचा असेल आणि एकाच कंपनीचा पूर्ण ॲल्युमिनियमचा संच मिळत असेल, तर तो घ्यायला हरकत नाही.

भंगारवाल्याकडे गाडीच्या एसीचे आणि हीटरचे रेडिएटर दिसतात, ते पाहून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. जुन्यांत पितळेचेही निघतात, नव्यांत बहुतेक ॲल्युमिनियमचेच. आणि डेझर्ट कूलरचा पंप लूपमध्ये लावायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. तो २३० व्होल्टचा आहे, पाण्यात बुडवून चालवायचा आहे, आणि खोकून खोकून वारंवार बदलावा लागतो हे आपण दर उन्हाळ्यात पाहतोच.

तिसरी पायरी: पार्ट हातात घेऊन ओळखा

जाहिरातीतल्या शब्दांवर जाऊ नका. चुंबक इथे कामाचा नाही, तांबं आणि ॲल्युमिनियम दोघांनाही तो चिकटत नाही. वजन मात्र लपत नाही: तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७०. त्याच आकाराचे दोन रेडिएटर दोन हातांत घेतले की डोळे मिटूनही कळतं. बाबांना कळलं तसं.

एकच पार्ट असेल तर टोकदार सुई घ्या आणि जिथे फिटिंग बसतं त्या भोकाच्या आतल्या आट्यांवर, दिसणार नाही अशा जागी हलकासा ओरखडा काढा. लालसर चमकलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं रुपेरी आणि सुई सहज रुतली तर ॲल्युमिनियम. चांदीसारख्या चकचकीत फिटिंगला ओरखडा काढल्यावर आतून पिवळं निघालं तर ते निकेल चढवलेलं पितळ. लाल-निळ्या रंगात मिळणारी हलकी फिटिंग बहुतेक वेळा ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची असतात. ॲनोडाइझिंग म्हणजे तोच ऑक्साइडचा थर विजेने जाड केलेला. तो टिकाऊ असतो, पण आटे घासले जातात तिथेच आधी जातो, आणि पाणी नेमकं तिथेच असतं. म्हणून तांब्याच्या लूपमध्ये अशी रंगीत फिटिंग घालू नका.

लूपमध्ये तापमान मोजायचा सेन्सर, प्लग, वळणाचे कोपरे, सगळं तपासा. अख्ख्या तांब्याच्या लूपमध्ये एक ॲल्युमिनियमचा प्लग राहिला तर सगळा मार त्या एकट्यावर पडतो.

चौथी पायरी: नवा रेडिएटर धुवा

ॲल्युमिनियमचे रेडिएटर भट्टीत फ्लक्स लावून जोडलेले असतात आणि त्या फ्लक्सची भुकटी आत राहते. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडं बोटांनी दाबून जोरात हलवा, पांढऱ्या कापडातून ओता. कापडावर कण दिसायचे थांबेपर्यंत हेच करा. माझ्या दुसऱ्या रेडिएटरला सात वेळा धुवावं लागलं.

तांब्याच्या रेडिएटरला लोक व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाचं पाणी लावतात, ते पाहून ॲल्युमिनियमवर करू नका. धुण्याचा सोडा तर अजिबात नको. आंबट आणि खारं, दोन्ही त्या थराचे वैरी. आई जर्मनच्या गंजात चिंचेचा सार ठेवू देत नाही, तेच इथे. आणि ॲक्रिलिकची टाकी स्पिरिटने पुसू नका, तडे जातात.

पाचवी पायरी: पाणी

इथे जरा थांबा, कारण विदर्भात गाडी पाण्यावरच अडते. बोअरचं पाणी लूपमध्ये टाकायचा विचारही नको. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर नावातच सगळं सांगतो. तिथल्या भूजलातला खारटपणा पिकाला सोसत नाही, नॅनोमीटरच्या थराला काय सोसणार. आरओचं पाणी गोड लागतं, पण ते डिस्टिल्ड नाही. घरच्या बऱ्याच आरओंत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा, आकडा दिसेल.

इन्व्हर्टरच्या दुकानात बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं, ते घ्या. बाटली सीलबंद असावी आणि मीटरवर आकडा शून्याच्या आसपास यावा. बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना, हे दोनदा वाचा. त्याच काउंटरवर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात.

नुसतं डिस्टिल्ड पाणी मात्र पुरत नाही. ॲल्युमिनियमच्या लूपला गंजरोधक असलेला कूलंट हवाच. कॉम्प्युटरसाठीचा ॲल्युमिनियमला चालणारा तयार कूलंट मिळाला तर उत्तम. तालुक्याच्या गावी तो मिळत नाही, तेव्हा गाडीचा चांगल्या प्रतीचा कूलंट चालतो. तो ॲल्युमिनियमच्या इंजिनांसाठीच बनवलेला असतो. घेताना बघा: घट्ट आहे की तयार मिसळलेला. घट्ट असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी घाला. "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो" म्हणून प्रमाण पातळ करण्याचा मोह होतो, पण पातळ केलं की गंजरोधकही तेवढंच पातळ होतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा रंगांचे कूलंट एकत्र करू नका, कधी कधी त्यांची जेली होते.

शेवाळ धरू नये म्हणून काही जण लूपमध्ये चांदीची तार टाकतात, आणि आमच्या भागात घरात मोरचूद असतोच, तर चिमूटभर तो. तांब्याच्या लूपमध्ये हे जुने उपाय आहेत. ॲल्युमिनियमच्या लूपमध्ये मोरचूद टाकणं म्हणजे विळा मुद्दाम बोर्डोत ठेवून झोपायला जाणं. ग्लायकॉलच्या कूलंटमध्ये शेवाळ सहसा धरत नाही. टाकीवर सरळ ऊन येऊ देऊ नका, तेवढं पुरे.

सहावी पायरी: जोडणी

बहुतेक भागांचे आटे जी १/४ मापाचे असतात आणि गळती थांबवायचं काम आट्यांचं नसून रबरी रिंगचं असतं. म्हणून नळाला गुंडाळतो ती टेफ्लॉन टेप इथे लावू नका. हाताने घट्ट, मग जास्तीत जास्त पाव फेरा. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात; पक्कड लावली की आटे गेलेच समजा. टाकी पंपाच्या वर ठेवा. पंप कोरडा एक मिनिटही फिरवू नका.

सातवी पायरी: गळतीची चाचणी

मदरबोर्ड, कार्ड, डिस्क या सगळ्यांच्या वायरी काढा, फक्त पंपाची ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार आणि शेजारची काळी तार एका क्लिपने जोडली की सप्लाय एकटा चालू होतो. सगळ्या तारा काळ्याच असतील तर अंदाजाने पिन मोजत बसू नका, तयार जंपर प्लग घ्या. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरा. वर्तमानपत्रावर थेंबाचा डाग सुकल्यावरही दिसतो, हा त्याचा टिशूपेक्षा मोठा फायदा. कॅबिनेट पुढे-मागे तिरपी करून हवा काढा, टाकी भरत राहा आणि २४ तास चालू द्या. मधे लाइट गेली तर आल्यावर पुन्हा चालवा आणि गेलेला वेळ धरू नका.

उन्हाळ्याचा हिशेब

लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील आणि मशीन जोरात चालत असेल, तर पाणी १० अंश वर, म्हणजे ५२ पर्यंत सहज जातं. डी-५ जातीच्या पंपांची मर्यादा ६० अंशांची आहे. मधे उरले ८ अंश. पंखे सीपीयूच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर चालवा आणि पाणी ५५ च्या वर गेलं की मशीन बंद होईल असं लावून ठेवा. पाणी लूपमध्ये सगळीकडे जवळपास सारखंच तापतं: मिनिटाला १ लिटर वाहतंय आणि २५० वॅट उष्णता आहे, तर ब्लॉकमध्ये शिरताना आणि निघताना फरक साडेतीन-चार अंशांचाच. म्हणून सेन्सर कुठेही लावा. आणि उष्णता वाढली की गंजण्याचा वेगही वाढतो, हे लक्षात असू द्या.

डेझर्ट कूलर लावून खोली थंड केली तर लूपला मोठा आराम. पण कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका. कूलरच्या टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे साचत जातात. ते बारीक तुषारांतून येऊन रेडिएटरच्या पात्यांवर पांढरे होतात, म्हणजे आतून वाचवलेलं ॲल्युमिनियम बाहेरून खायला लागतं. जिनिंगजवळ दुकान असेल तर कापसाच्या हंगामात पात्यांत रुईचे तंतू अडकून गादीच तयार होते. दर आठवड्याला मऊ ब्रशने काढा.

बिघडतंय हे कळणार कसं

भरल्याच्या दिवशी कूलंटचा टीडीएस मोजून कॅबिनेटच्या आत मार्करने लिहून ठेवा. गंजरोधकामुळे आकडा मुळातच मोठा येईल, त्याला घाबरू नका. तो पुढे वाढतोय का एवढंच पाहायचं. पहिल्या महिन्यात एकदा आणि मग दर ६ महिन्यांनी थोडं पाणी काढून काचेच्या ग्लासात उजेडाला धरा. गढूळपणा, तळाशी पांढरी पेज, टाकीत पुन्हा पुन्हा जमणारी हवा, यांपैकी काहीही दिसलं तर थांबा. ॲल्युमिनियम पाण्यात खाल्लं जाताना हायड्रोजन सुटतो, म्हणून हवा काढूनही बुडबुडे येत राहतात. कूलंट वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या आधी बदला.

तुमचा लूप आधीच मिश्र असेल तर पाणी काढा आणि ॲल्युमिनियमचा भाग बाहेर ठेवा. तांब्याच्या ब्लॉकचं सहसा फार बिघडत नाही, खोलून मऊ टूथब्रशने आतल्या बारीक चरांमधला गाळ काढला की तो पुन्हा वापरता येतो. माझा तोच ब्लॉक आजही चालू आहे, पितळेच्या रेडिएटरबरोबर.

काढलेलं जुनं कूलंट मोरीत किंवा अंगणात ओतू नका. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री, शेळ्या आणि लहान पोरं त्याकडे ओढली जातात. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो, कॅनवर लाल रंगाने मोठी फुली मारतो आणि गॅरेजवाला आपलं जुनं कूलंट पाठवतो त्याच्याबरोबर देऊन टाकतो. कॅन उंच फळीवर असतो, फवारणीच्या औषधांच्या शेजारी, जिथे घरातलं कोणीही हात लावत नाही.